मारुती कांबळेचा प्रश्न अजून उभा आहे

लासूर स्टेशन येथील आपल्या काही तरुण साथींनी गेल्या महिन्यात एक लहानसा उपक्रम केला. मोंढ्यातील एका आडतीच्या रिकाम्या गोदामात पांढरी चादर भिंतीवर ताणून त्यांनी डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ हा चित्रपट दाखवला. साठ-सत्तर माणसे आली. हमाल, मापाडी, कांदा घेऊन आलेले व मुक्कामाला राहिलेले शेतकरी, महाविद्यालयातील काही मुले आणि आपले पाचसहा जुने कार्यकर्ते. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग एक प्रौढ हमाल म्हणाले, “पिच्चर चांगला आहे भाऊ. पण आपल्या गावातला मारुती कोण, हे सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नाही, त्याचं काय?”

हा प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचला. त्यासोबत दुसराही एक प्रश्न पोहोचला. काही ज्येष्ठ साथींनी असा आक्षेप घेतला आहे की, निवडणुका, पीकविमा, कांद्याचा भाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी असे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना कार्यकर्त्यांनी सिनेमा दाखवत बसणे हा वेळेचा व शक्तीचा अपव्यय होय. तरुण साथींचे म्हणणे याच्या उलट आहे. सभेला बोलावून जी माणसे येत नाहीत ती चित्रपटाला आली, आणि सभेत जे कोणी बोलत नाही ते त्या रात्री गोदामात बोलले गेले, असे ते सांगतात. वाद गावापुरता असला तरी प्रश्न सर्व पक्षाचा आहे. म्हणून या स्तंभात त्याची चर्चा करणे आम्हांस आवश्यक वाटते. ही चर्चा हवेत होऊ नये, यासाठी ज्या दिग्दर्शकाच्या कृतीवरून हा वाद निघाला त्याच्या जीवनाचा व कार्याचा आढावा घेऊनच ती करावी, हे उचित.

जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ साली पंढरपूर येथे झाला. शालेय शिक्षण सोलापुरात झाले. गिरण्यांचे, कामगारांचे आणि मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चार भाषांचे हे शहर. तेथे प्रा. श्रीराम पुजारी यांच्यासारख्या रसिक अध्यापकाचा सहवास त्यांना लाभला. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले, बालरोगतज्ज्ञ झाले, आणि पत्नी डॉ. मणी पटेल यांच्यासह त्यांनी दौंड येथे दवाखाना घातला. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. एका बाजूस रेल्वे कामगारांची वस्ती आणि दुसऱ्या बाजूस उसाचा पट्टा. मनमाडमार्गे लासूरचा माणूस पुण्याला निघाला की त्याची गाडी ज्या दौंडवरून जाते, तेच हे दौंड. मुंबईच्या चित्रनगरीत न राहता, आजारी मुलांना तपासत, रेल्वेने पुण्याला ये-जा करीत या माणसाने नाटके बसवली व चित्रपट काढले. ज्या ग्रामीण सत्तेचे चित्र त्यांनी पुढे पडद्यावर आणले ती सत्ता त्यांच्या दवाखान्यापासून लांब नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नाट्यक्षेत्रातील त्यांची पहिली मोठी कसोटी ‘घाशीराम कोतवाल’ने घेतली. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. सत्ता आपल्या सोयीसाठी एक राक्षस कसा निर्माण करते आणि काम संपल्यावर त्याचा बळी देऊन स्वतः कशी नामानिराळी राहते, हा त्याचा विषय. पेशवाईतील नाना फडणवीस रंगभूमीवर असा नाचलेला पाहून पुण्यातील एक वर्ग खवळला. संस्थेच्या वरिष्ठांनी अवघ्या १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले. तेव्हा जब्बार पटेल व त्यांचे सहकारी संस्थेतून बाहेर पडले आणि १९७३ साली त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन करून नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही त्यास अडवण्याचा प्रयत्न झाला, परंतु दौरा झाला. विचारस्वातंत्र्याची बाजू व्याख्यानातून मांडणे सोपे असते. त्यासाठी आपली संस्था सोडून नवी संस्था उभारणे कठीण असते. हे कठीण काम या मंडळींनी केले.

‘सामना’ आला १९७५ साली. त्याची निर्मिती कोणा धनिकाने केली नाही. जामखेडचे रामदास फुटाणे, जे पेशाने चित्रकलेचे शिक्षक होते, त्यांनी हे धाडस केले. पटकथा तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचे. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा अध्यक्ष. गाव, कारखाना, बँक, पोलीस, सारे त्याच्या मुठीत. एके दिवशी त्याच्या गावात एक दारुडा, भणंग म्हातारा उतरतो. हा ‘मास्तर’ एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक. हिंदुराव त्याला वाड्यावर आश्रय देतो, दारू पाजतो, त्याच्याशी गप्पा मारतो. आणि हा पराभूत म्हातारा त्याच दारूच्या नशेत एक प्रश्न विचारू लागतो: सैन्यातून गावी परतलेल्या मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले? प्रश्न वाड्यातून गावात जातो, गावातून रस्त्यावर येतो. निळू फुले व डॉ. श्रीराम लागू यांच्या या सामन्याने मराठी चित्रपटाची पातळीच बदलली. हा चित्रपट बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेत दाखल झाला, त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तथापि आमच्या दृष्टीने पुरस्काराहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे.

ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी, २५ जून १९७५ रोजी, देशावर आणीबाणी लादली गेली आणि आपले असंख्य साथी तुरुंगात गेले. त्या काळात सहकार हा शब्द महाराष्ट्रात मंत्रासारखा उच्चारला जात असे. १९५० नंतर प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, तो खरोखरच समाजवादी आशयाचा प्रयोग होता. परंतु पंचवीस वर्षांत त्या प्रयोगाच्या पोटी एक नवा सरंजामदार जन्माला आला होता. सभासद मालक असतो तो कागदावर, मालकी असते ती अध्यक्षाची. ऊस कोणाचा केव्हा तुटेल, कर्ज कोणाला मिळेल, मुलाला नोकरी कोणाच्या चिठ्ठीने लागेल, हे सर्व एका वाड्यात ठरते. आपल्या पक्षाच्या ठरावांत हे विश्लेषण होते, पण ते ठरावांतच राहिले होते. ‘सामना’ने ते तंबूतल्या प्रेक्षकापर्यंत नेले, आणि एकही आकडा न सांगता नेले. शिवाय हिंदुरावाला त्याने खलनायकाचे कागदी सोंग केले नाही. तो हुशार आहे, रसिक आहे, त्याने विकास केलेला आहे, आणि त्या विकासाच्या पायाशी एक मढे आहे. विकास की न्याय, असा खोटा पर्याय आपल्यापुढे आजही ठेवला जातो. त्या पर्यायाचे खोटेपण इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी मराठी कलाकृती आमच्या आठवणीत नाही.

मराठवाड्यातील वाचकास हे अधिक उमगावे. आपल्याकडे सहकारी कारखाने उशिरा आले, त्यांतील कित्येक बंद पडले, काही कवडीमोलाने खाजगी हाती गेले आणि कामगारांची देणी व सभासदांचे भाग वाऱ्यावर राहिले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्या पिढीतील किती ‘मास्तर’ आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले! १७ सप्टेंबरला त्यांच्या गळ्यात हार पडत असे आणि १८ तारखेला कोणी त्यांना विचारीत नसे. हिंदुराव आणि मास्तर ही पात्रे आमच्या गंगापूर, वैजापूर, कन्नड भागास परकी नाहीत.

या चित्रपटाशी आपल्या चळवळीचे असलेले नातेही नव्या कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे. निळू फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. पडद्यावर पाटलाचा माज दाखवणारा हा नट प्रत्यक्ष जीवनात अखेरपर्यंत सेवा दलाचा सैनिक राहिला. डॉ. लागूंनी पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी निळू फुले व इतर कलावंतांसह ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून कार्यकर्त्यांसाठी पैसा उभा केला. ‘जैत रे जैत’ व ‘उंबरठा’ची नायिका स्मिता पाटील ही देखील सेवा दलाच्या वातावरणात वाढलेली मुलगी. म्हणजे कलापथकाची जी परंपरा वसंत बापटांसारख्यांनी उभी केली, तिने मराठी चित्रपटाला माणसे दिली. ‘सिनेमा हा आपला विषय नव्हे’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ साथींना आम्ही नम्रपणे एवढेच सांगू इच्छितो की, आपली चळवळ जेव्हा जोमात होती तेव्हा गाणे, नाटक, तमाशा हा तिचा विषय होता. तो विषय सुटला आणि सभाही ओस पडू लागल्या, हा केवळ योगायोग नाही.

१९७७ साली ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट ठाकर आदिवासींच्या जीवनाचा. उषा मंगेशकरांची निर्मिती, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि ना. धों. महानोरांची गीते. महानोर हे आपल्याच जिल्ह्यातील पळसखेडचे शेतकरी कवी. अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी शेती करणाऱ्या माणसाचे शब्द सह्याद्रीच्या ठाकरांच्या तोंडी शोभले, कारण रानाची भाषा त्याला उसनी आणावी लागली नाही. येथे राजकारण उघड नाही. परंतु पुण्य म्हणजे काय, देव आपल्या माणसाला का ओरबाडतो, असे विचारणारा नाग्या हाही मास्तराचाच भाऊबंद आहे. प्रश्न विचारणारा माणूस मोठी किंमत देतो, हे सूत्र तेथेही आहे.

‘सिंहासन’ १९७९ सालचा. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ व ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा रचली. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांची खुर्ची खेचू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगार पुढारी डिकास्टा, तस्कर, आमदार आणि हे सर्व जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस. हा चित्रपट आला तेव्हा महाराष्ट्रात पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार होते आणि त्यात आपले साथी मंत्री होते. दिल्लीत जनता पक्षाचे सरकार त्याच वर्षी जुलैमध्ये कोसळले. आणीबाणीविरुद्ध जिवाचे रान करणारी माणसे खुर्चीच्या हिशेबात कशी विरून गेली, याचे आम्ही साक्षीदारच नव्हे तर भागीदार होतो. ‘सिंहासन’ पाहताना काँग्रेसवाल्यांची फजिती होते म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी डिकास्टाकडे नीट पाहिले नाही. कामगारांचा पुढारीही सत्तेच्या डावात ओढला जातो, हे त्या चित्रपटाने आपल्या तोंडावर सांगितले होते. शेवटी दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्यात आपलाही वाटा आहे.

त्याच काळात मराठवाड्यात जे घडले ते येथे सांगितलेच पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या या भूमीत दलितांची घरे जळू लागली. एस. एम. जोशी यांनी मराठवाड्यात येऊन नामांतराची बाजू निर्भयपणे मांडली आणि त्यापायी अपमान सोसला. आपल्या पक्षातील स्थानिक पुढाऱ्यांपैकी काहीजण मात्र तेव्हा गप्प बसले, काही तर विरोधात गेले. हे कटू आहे, पण खरे आहे. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच १९९४ साली जब्बार पटेलांचा ‘मुक्ता’ आला. परदेशातून परतलेली सवर्ण मुलगी आणि दलित चळवळीतील कार्यकर्ता यांच्या प्रेमाची ही कथा. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा पुरस्कार तिला मिळाला. एस. एम. यांच्यावर त्यांनी अनुबोधपटही केला. एका दिग्दर्शकाने एस. एम. यांचे चरित्र पडद्यावर जपून ठेवावे आणि आपल्या शाखांनी ते एकदाही दाखवू नये, याला काय म्हणावे?

‘उंबरठा’ १९८२ सालचा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. सुस्थितीतील घरातील सुलभा महाजन ही स्त्री आपले घर, नवरा, मुलगी मागे ठेवून एका महिलाश्रमाची अधीक्षक होते. तेथील भ्रष्टाचार, व्यवस्थापनाचा दांभिकपणा आणि बायकांचा छळ यांच्याशी झुंजते, हरते, परत येते. तोवर घरात तिची जागा उरलेली नसते. ती पुन्हा उंबरठा ओलांडते. चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा या आदिवासी मुलीच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या वातावरणात हा चित्रपट आला. त्यातील प्रार्थना वसंत बापटांची, इतर काही गीते सुरेश भटांची. आपल्या घराघरांतील कार्यकर्त्यांनी बायकोला घेऊन तो पाहिला, आणि पाहून आल्यावर पुष्कळ घरांत वाद झाले. समाजवादी नवऱ्याच्या घरातही चूल कोण पेटवते, हा प्रश्न त्या वेळी प्रथम मोठ्या आवाजात विचारला गेला. स्त्रीमुक्तीवरील शिबिरांनी जे साधले नव्हते ते या एका चित्रपटाने काही घरांत तरी साधले.

येथवर आम्ही गौरव केला. परंतु केवळ गौरव हा या पृष्ठाचा धर्म नव्हे. जब्बार पटेलांच्या कार्याविषयी तीन आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप निराशेचा. मास्तर दारुडा, दिगू वेडा, सुलभा बेघर. मग मार्ग कोठे आहे, असे विचारले जाते. आमच्या मते हा आक्षेप कलावंताकडे चुकीची मागणी करतो. रोगाचे निदान डॉक्टराने करावे, हे ठीक. पण गावची गटारे त्यानेच साफ करावीत, असे म्हणता येत नाही. मार्ग काढणे हे संघटनेचे काम आहे. ते आपण केले नाही म्हणून चित्रपटाचा शेवट उदास वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘सामना’त मारुती कांबळे हा गैरहजर माणूस आहे. त्याच्याविषयी इतर बोलतात, त्याचे स्वतःचे बोलणे, त्याची बायकापोरे, त्याची वस्ती कथेच्या मध्यभागी नाही. न्यायाचा प्रश्न मध्यमवर्गीय मास्तर विचारतो, हिंदुराव ऐकतो, आणि ज्याचा खून झाला त्याचा समाज प्रेक्षक होतो. हे खरे आहे, आणि त्या पिढीच्या सर्वच पुरोगामी कलेची, तशीच आपल्या पुरोगामी राजकारणाचीही, ही मर्यादा होती. आपण दलितांसाठी बोललो, दलितांना व्यासपीठाच्या मध्यभागी बसवले नाही. ही उणीव भरून निघाली ती पुढच्या पिढीत. सोलापूर जिल्ह्यातीलच जेऊर या रेल्वे स्टेशनच्या गावातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी २०१३ साली ‘फँड्री’त कैकाडी समाजातील एका पोराच्या डोळ्यांनी गाव दाखवले आणि अखेरीस त्याचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने आला. मारुती कांबळेचे पोर स्वतः बोलू लागले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु पहिल्याने प्रश्न विचारला नसता तर दुसऱ्याला दगड उचलण्यास जागा मिळाली असती काय, हाही विचार करावा.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘सामना’ एका चित्रकला शिक्षकाने काढला. नंतरचा प्रवास मात्र हळूहळू सरकारी व संस्थात्मक आश्रयाकडे झाला. पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवरील ‘एक होता विदूषक’ (१९९२) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या मदतीने झाला. तमाशातील सोंगाड्याला राजकारण कसे वापरून घेते, हे दाखवणारा हा चांगला चित्रपट, पण प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा केंद्र व राज्य सरकारच्या पैशातून झाला. मामुट्टी यांना त्यातील भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण २००० साली पडद्यावर आलेला हा चित्रपट ज्या लोकांचा होता त्यांच्यापर्यंत नीट पोहोचवला गेला नाही. तमिळ आवृत्ती चित्रगृहात यावयास २०१० साल उजाडले. सरकारने चित्रपट काढला आणि सरकारी कपाटात ठेवला, असेच म्हणावे लागते. २०१४ साली त्यांनी यशवंतराव चव्हाणांवर चित्रपट केला, तो यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या निर्मितीचा. यशवंतरावांची योग्यता आम्ही जाणतो. परंतु ज्या सहकारी सत्तेचे मढे ‘सामना’ने उकरून काढले, त्या सत्तेच्या जन्मदात्याचे चरित्र त्याच सत्तेच्या वारसांच्या संस्थेसाठी करताना दिग्दर्शकाच्या हाताला पूर्वीची धार राहणे कठीण होते.

याचा दोष एकट्या जब्बार पटेलांना देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. चित्रपट ही खर्चाची कला आहे. कवीला कागद पुरतो, दिग्दर्शकाला लाखो रुपये लागतात. ते पैसे तीनच ठिकाणांहून येऊ शकतात: बाजारातून, सरकारातून, किंवा संघटित प्रेक्षकाकडून. बाजार ‘सामना’सारख्या चित्रपटाला सहसा पैसा देत नाही. तिसरा पर्याय आपण उभा केला नाही. केरळात चित्रपट संस्थांची चळवळ गावोगाव पोहोचली आणि १९८६ साली जॉन अब्राहम यांनी ‘अम्मा अरियन’साठी गावांतून लोकवर्गणी जमवून दाखवली. महाराष्ट्रात समाजवाद्यांची ताकद तेव्हा कमी नव्हती. गावोगाव शाखा होत्या, सेवा दलाची कलापथके होती, कामगार संघटना होत्या. आपण प्रेक्षक संघटित केला असता तर दौंडच्या डॉक्टराला मंत्रालयाचा जिना चढावा लागला नसता. ज्यांनी स्वतंत्र कलावंताला जगण्याचा आधार दिला नाही, त्यांना त्याच्या परावलंबनाविषयी बोलण्याचा अधिकार मर्यादितच असतो.

आता लासूरच्या वादाकडे वळू. लासूर हे मूळ गाव वेगळे आणि निजामाच्या काळात मनमाडहून हैदराबादकडे लोहमार्ग गेला तेव्हा त्याच्या आधाराने वाढलेली स्टेशनची पेठ वेगळी. अशा पेठेत सर्व जातींची, सर्व गावांची माणसे बाजाराला येतात. पूर्वी अशा ठिकाणी तंबूतील टुरिंग टॉकीज येत असे आणि जमिनीवर बसून सारा गाव एकत्र चित्रपट पाही. पाटील व हमाल एकाच तंबूत बसत, जरी खुर्ची आणि जमीन यांत भेद असे. ते तंबू गेले, पुढे लहान गावांतील चित्रगृहेही बंद पडली. आज प्रत्येकाच्या हातात पडदा आहे, पण तो एकट्याचा पडदा आहे. त्यावर ‘सामना’ पाहता येतो, परंतु पाहून झाल्यावर शेजारच्याकडे वळून ‘आपल्या गावातला मारुती कोण’ असे विचारता येत नाही. आणि त्याच पडद्यावर द्वेषाचा मजकूर रात्रंदिवस ओतला जात आहे. जो पक्ष माणसांना एकत्र बसवून विचार करावयास लावणार नाही, त्याच्या जाहीरनाम्याला कोण विचारणार?

म्हणून आम्ही लासूरच्या तरुण साथींच्या बाजूने आहोत, आणि त्यांच्या उपक्रमाचे अनुकरण प्रत्येक शाखेने करावे असे सुचवतो. महिन्यातून एक चित्रपट, तोही हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन, कारण आपण कलावंताच्या श्रमाची चोरी करून श्रमाच्या प्रतिष्ठेची भाषा करू शकत नाही. आधी भाषण नको, नंतरही पुढाऱ्याचे भाषण नको. पाहणाऱ्यांनी बोलावे, कार्यकर्त्याने ऐकावे व टिपून घ्यावे. बायका येतील अशी वेळ व जागा निवडावी. दलित वस्तीत व गावात आलटून पालटून कार्यक्रम व्हावा. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’, ‘मुक्ता’ यांपासून आरंभ करावा आणि पुढे ‘फँड्री’पर्यंत यावे. वर्गणी डब्यातून जमा करावी, तिचा हिशेब फलकावर लिहावा.

ज्येष्ठ साथींच्या आक्षेपातही एक सत्य आहे, ते विसरता कामा नये. चित्रपट पाहणे हे कार्य नव्हे, ती कार्याची सुरुवात आहे. त्या रात्री गोदामात त्या हमालांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर दुसरा चित्रपट दाखवून देता येणार नाही. गावात कोणाची जमीन कोणी बळकावली, कोणाची मजुरी कोठे थकली, कोणाची फिर्याद पोलीस चौकीत लिहून घेतली गेली नाही, याची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी घेणे, अर्ज लिहिणे, मोर्चा काढणे, न्यायालयात उभे राहणे हे आपलेच काम आहे. तसे झाले नाही तर आपण प्रेक्षक जमवणारी एक मंडळी होऊ, पक्ष राहणार नाही. आमच्या माहितीप्रमाणे त्या हमालांना त्यांच्या प्रश्नानंतर कोणीही घरी जाऊन भेटलेले नाही. लासूरच्या साथींनी पुढचा चित्रपट ठरवण्यापूर्वी ही भेट घ्यावी.

जब्बार पटेलांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी एक प्रश्न महाराष्ट्रापुढे ठेवला. तेंडुलकर गेले, निळूभाऊ गेले, डॉ. लागू गेले, अरुण साधू गेले, महानोर गेले, स्मिता तर फारच लवकर गेली. प्रश्न मात्र गेला नाही. तो विचारण्याचे काम त्यांनी केले. उत्तर शोधण्याचे काम त्यांचे नव्हते, ते आपले होते व आहे.